दाढीची सावली : रंगपटापासून कर्जत लोकलपर्यंत

1919 सालच्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा.

पहिली गोष्ट. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिले. नारायण श्रीपाद राजहंस, वय तेव्हा तिशीचं. दारुड्या नवऱ्याच्या घरात जात्यावर दळणारी सिंधू बघून प्रेक्षागृहातल्या बायका पदराने डोळे पुसायच्या. समोरचा माणूस पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसरी गोष्ट. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानात एक कायदा आला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तृतीयपंथी म्हणून सरकारदरबारी नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तेलंगणा उच्च न्यायालयाने हा कायदा 2023 साली घटनाबाह्य ठरवून रद्द केला. म्हणजे शंभर वर्षं तो कागदावर होता.

स्टेजवर साडी नेसली तर टाळ्या आणि रस्त्यावर नेसली तर बेड्या. आजची पोस्ट या दोन टोकांमधल्या एका बारीकशा गोष्टीबद्दल आहे. ती गोष्ट म्हणजे दाढीची सावली, आणि ती झाकायची कला.

दाढी कितीही गुळगुळीत केली तरी ओठांवर, हनुवटीवर आणि जबड्यावर एक निळसर, काळपट झाक राहते. वस्तरा केस कापतो तो कातडीच्या पातळीवर. मूळ आत तसंच राहतं आणि ते कातडीतून दिसतं. हाताची शीर निळी दिसते, तसाच काहीसा प्रकार. गोऱ्या चेहऱ्यावर ही झाक निळी दिसते, सावळ्यावर राखाडी-हिरवट. शिवाय दाढी दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढते. दुपारी घोटून दाढी केलेल्या माणसाच्या गालावर पहाटेपर्यंत हाताला खुंट लागतात.

आता जुनी संगीत नाटकं आठवा. रात्री पडदा वर जायचा तो 'वन्स मोअर' घेत घेत पहाटेलाच खाली यायचा. पहिल्या अंकातली नाजूक नायिका शेवटच्या अंकातही नाजूकच दिसली पाहिजे. हे कसं जमवायचे?

1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषांकडेच होत्या. सुरुवातीला कंपन्या मिसरूड न फुटलेली पोरं घ्यायच्या. पण मिसरूड फुटतंच, आवाज फुटतो आणि पोरगा बाद होतो. ज्यांचा गळा टिकला त्यांना मोठेपणीही स्त्रीपार्ट करावे लागले. किर्लोस्करांच्या कंपनीतले भाऊराव कोल्हटकर हे त्यातलं मोठं नाव. पुढे वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. बालगंधर्व 1905 साली त्याच कंपनीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करत राहिले. या सगळ्या वर्षांत रोज प्रयोगाआधी त्यांच्या चेहऱ्यावरची सावली घालवावी लागत होती.

ही विद्या कुठल्या शाळेत नव्हती. ती रंगपटात, आरशासमोर, मोठ्या नटाने धाकट्याला शिकवायची. सामान काय, तर सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि खोबरेल तेल. सफेदा कधी जस्ताचा, कधी शिशाचा, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा लाल रंग. शिसं आणि पारा रोज चेहऱ्याला फासायचा, घामाबरोबर तोंडात जायचा. जर्मनीत लाइशनर यांनी शिशाशिवायचा तेलकट रंग विकायला सुरुवात केली ती 1870 च्या दशकात. सेफ्टी रेझरचं पेटंट जिलेटला मिळालं 1904 मध्ये. त्याआधी सगळी भिस्त न्हाव्याच्या वस्तऱ्यावर आणि त्याच्या हातावर. सुंदर नायिकेमागे एक चांगला न्हावी असायचाच. त्याचं नाव मात्र जाहिरातीत कधी आलं नाही.

आणखी एक मदत होती, दिव्यांची. रॉकेलचे आणि गॅसचे दिवे पिवळट उजेड देतात. त्यात निळा प्रकाश कमी, म्हणून निळी झाकही कमी दिसते. पांढरा लख्ख उजेड आला की लपलेली सावली वर येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाटकातून सिनेमाकडे येऊ. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. कुठलीच बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा साळुंके नावाचा आचारी त्यांनी निवडला. हॉटेलात दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तालमी झाल्या आणि चित्रीकरणाच्या तोंडावर अडलं ते मिशीवर. वडील हयात असताना मिशी काढायची कशी? वडिलांची आणि मुलाची समजूत घातली तेव्हा कुठे वस्तरा फिरला. 3 मे 1913 ला हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. देशाच्या पहिल्या नायिकेसाठी आधी एका बापाची परवानगी घ्यावी लागली होती.

पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही केले. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती, लाल कुंकू पडद्यावर काळं दिसायचं. त्यामुळे स्टेजवरची लाल-पिवळी युक्ती कॅमेऱ्यासमोर उलटायची.

पण सगळ्या पुरुष-नायिकांच्या वाट्याला बालगंधर्वांचा मान आला नाही. तमाशातल्या नाच्याला लोकांनी हसण्यापुरतंच ठेवलं. गणपत पाटलांनी आयुष्यभर पडद्यावर नाच्या रंगवला, आणि पडद्याबाहेरही लोकांनी त्यांच्याकडे त्याच नजरेने बघितलं. 2010 साली 'नटरंग' आला तेव्हा आपण सगळे थिएटरात हळवे झालो. बाहेर आल्यावर कितीजणांची बोलण्याची पद्धत बदलली, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

1933 साली 'आंधळ्यांची शाळा' आलं आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायची वाट रुंद झाली. हे चांगलंच झालं. बाईचं काम बाईला मिळालं. त्याबरोबर रंगपटातली ही विद्या मात्र मागे पडली. दशावतारात ती टिकली. तिथे आजही पुरुषच राधा होतात आणि आपला चेहरा आपणच रंगवतात.

मग ही विद्या पुन्हा मोठ्या पडद्यावर आली ती आपल्या तालुक्याशी नातं असलेल्या माणसामुळे. 2005 साली कर्जत-चौक भागात एन. डी. स्टुडिओ उभा करणारे नितीन चंद्रकांत देसाई हे 2011 च्या 'बालगंधर्व' चित्रपटाचे निर्माते. सुबोध भावेंच्या चेहऱ्यावरची पुरुषी रेघ पुसली रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी. त्या कामाची दखल घेऊन त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नितीन देसाई 2023 मध्ये गेले, गायकवाड 2025 मध्ये. एका पुरुषाच्या चेहऱ्यावरची दाढी दिसेनाशी करणं हे देशाने गौरवावं एवढं कसबाचं काम आहे, हे यातून लक्षात घ्या.

आता ठाकूरवाडीकडे येतो.

कुठली ठाकूरवाडी ते सांगत नाही. कर्जत-खालापुरात या नावाच्या वाड्या कमी नाहीत, तेवढी आडोशाची सोय बरी आहे. तिथली एक मुलगी माझ्याशी बोलली. जन्माच्या वेळी घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं, ती स्वतःला मुलगी म्हणते. मीही तेच म्हणतो. ती पहाटेच्या लोकलने बदलापूरकडे पॅकिंगच्या कामाला जाते.

तिला हे कुणी शिकवलं नाही. सुरुवातीला ती टाल्कम पावडर थापायची. सावली जाण्याऐवजी राखेसारखी दिसायची, कारण काळ्यावर पांढरं लावलं की राखाडीच होणार. मग मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या बायका गोऱ्यापान, त्यांचा फिका गुलाबी कन्सीलर हिच्या सावळ्या रंगावर चुन्याच्या बोटासारखा उठायचा. शेवटी कर्जतच्या बाजारपेठेतून घेतलेल्या नारिंगी-लाल लिपस्टिकने काम झालं. निळ्याला मारतो तो नारिंगी. रंगाचं हे गणित तिने स्वतःच सोडवलं.

तिची रीत अशी. कोमट पाण्याने चेहरा मऊ करायचा, नवं पातं घ्यायचं, घाई करायची नाही. कातडीचा दाह शांत होऊ द्यायचा. थोडं क्रीम. मग फक्त जिथे सावली आहे तिथेच लिपस्टिकचा पातळ हात, तोही बोटाने टिपत, घासायचं नाही. त्यावर पावडर दाबायची. मग आपल्या कातडीच्या रंगाचं फाउंडेशन स्पंजने दाबून. पुन्हा हलकी पावडर. 'जाड लावलं की लोकांना आधी मेकअप दिसतो आणि मग आपण,' ती म्हणाली.

हे सगळं पहाटे चारला, घरातल्या पिवळ्या बल्बखाली. त्या उजेडात चेहरा नीट वाटतो. प्लॅटफॉर्मच्या पांढऱ्या दिव्याखाली आली की सावली पुन्हा दिसते, आणि दिवस उजाडल्यावर डब्यात आणखी स्पष्ट. शंभर वर्षांपूर्वीच्या नटांची अडचण हिच्या वाट्याला आली, फक्त दिवे सांभाळून घेणारी कंपनी हिच्यामागे नाही. पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या घामात तर दुपारपर्यंत काही टिकत नाही.

मी विचारलं, एवढी यातायात कशाला? ती म्हणाली, 'दादा, छान दिसायला नाही. कुणी बघू नये म्हणून.'

इथे एक फरक नीट सांगायला हवा. बालगंधर्व हे भूमिका करणारे नट होते. नाटक संपलं की रंग उतरवायचे. ही मुलगी भूमिका करत नाही. तिचा प्रयोग पहाटे सुरू होत नाही आणि रात्री संपत नाही, कारण तो प्रयोगच नाही. नटाचा रंग ओघळला तर फार तर हशा पिकायचा. हिचा ओघळला तर डब्यातली बाई पर्स जवळ ओढते, टवाळ पोरं मोबाइल काढतात. याआधी एका ठिकाणी तिला 'गिऱ्हाइकांना चालणार नाही' म्हणून काम नाकारलं गेलं.

कायदा आता वेगळं बोलतो. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याने नोकरीत आणि शिक्षणात भेदभावाला मनाई केली. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर राज्य सरकार पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवायला तयार झालं. पण अर्जातला रकाना आणि लोकलचा डबा यांत बरंच अंतर आहे. ते कोर्ट भरून काढणार नाही.

खरं तर कुणावर दाढी लपवायची सक्तीच नसावी. ती दिसली तरी बाईला बाई म्हणता आलं पाहिजे. तो दिवस येईपर्यंत ही विद्या तिच्यासाठी हौस नसून पोटाचा प्रश्न आहे. दाढी कायमची काढायचे लेझरसारखे उपचार आहेत, पण ते बऱ्याच बैठकांचे आणि पॅकिंगच्या पगारात न बसणारे.

म्हणून कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या पार्लरवाल्या ताईंना एक विनंती. नवरीचा मेकअप तुम्ही उत्तम करता, रंगावर रंग कसा बसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अशी एखादी मुलगी दारात आली तर तिला परत पाठवू नका. तासभर शिकवा, हवी ती फी घ्या. आपल्या भागातली नाटकाची, वगाची मंडळी आहेत, त्यांच्यातल्या जुन्या रंगभूषाकारांकडे हे कसब अजून असेल. ते कुणी शिकवायला तयार असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा, गाठ घालून देतो. नावं गुप्त राहतील.

आणि लोकलने जाणाऱ्यांसाठी एवढंच. सकाळच्या गाडीत समोरच्या बाईच्या हनुवटीवर सावली दिसली, तर निरखून बघू नका. जागा असेल तर सरकून बसा.