उधारीची वही

सोलापूरचा इतिहास म्हटला की दोन गोष्टी हमखास येतात. एक १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे, दुसरी गिरण्या. दोन्हींचा अभिमान मलाही आहे. पण गिरण्यांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात मालक असतो, कामगार असतो, युनियन असते, संप असतो. गिरणीच्या दारापासून शंभर पावलांवर ज्याचं दुकान होतं तो मात्र कुठंच नसतो. आमचं आजोळ त्या शंभर पावलांवरच्या दुकानांपैकी एक, त्यामुळे मला ते जरा जास्त जाणवतं असेल. मामेभावाचा चिंचोळी एमआयडीसीत छोटा शेड आहे. तिकडं जाणं झालं की हा विषय डोक्यात घोळत राहतो. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर सुरुवात १८६० पासून करू. त्या वर्षी जीआयपी रेल्वे सोलापूरला पोचली. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. पण रेल्वे राहिली, अडते राहिले, दलाल राहिले. म्हणजे पहिली गिरणी येण्याआधीच सोलापूर हे बाजाराचं गाव झालं होतं. पुढे विमान, जहाज आणि मोटारींच्या कारखान्यांसाठी देशभर नाव झालेले वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले, ते अशाच एका व्यापारी घरात.

१८७७ मध्ये 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' सुरू झाली. तीच आपली जुनी गिरणी. मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. त्याच वर्षी १ जानेवारीला दिल्लीत दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं होतं, आणि त्याच वेळी दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा भयानक दुष्काळ चालू होता! दुष्काळात माणूस आधी काय विकत घ्यायचं थांबवतो? कापड. फाटकं लुगडं आणखी एक वर्ष चालतं, भाकरी थांबत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या बरोबरीनं विणकर मेटाकुटीला आला. अशा दिवसांत गिरणीचा भोंगा वाजायला लागला. पुढे १८९८ च्या सुमारास लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू आणि जाम अशा गिरण्या आल्या.

शाळेत आपल्याला शिकवलं की गिरण्या आल्या आणि हातमाग मेला. सोलापुरात असं घडलं नाही. निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर येतच राहिले, साळी, कोष्टी, मोमीन होतेच. गिरणीचं सूत गावातच मिळू लागलं, ते हातमागावर चढू लागलं आणि लुगडी विणली जाऊ लागली. डग्लस हेन्स नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं पश्चिम भारतातल्या लहान गावांच्या कापडधंद्यावर २०१२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात सोलापूर सारखं भेटतं. त्याचा मुद्दा असा की या गावांतले विणकर-कारखानदार नुसते तगून राहिले नाहीत, त्यांनी धंदा वाढवला, नवी साधनं घेतली, बाजार शोधले.

आणि एका मागामागे किती धंदे चालायचे बघा. सुताचा व्यापारी, सूत रंगवणारा रंगारी, ताणा करणारे, खळ देणारे, फणी बांधणारा, धोटा आणि माग दुरुस्त करणारा सुतार, घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायका आणि मुलं, तयार माल घेणारा दलाल आणि शेवटी चाटी गल्लीतला दुकानदार. (चाटी म्हणजे कापड विकणारा. नव्या पिढीतल्या आमच्या भाच्यांना हे माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं.) यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक लाल कापडात बांधलेली वही असायची. रोख कमी आणि उधारी जास्त असा हा सगळा व्यवहार होता.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराला पगार साधारण आठवड्याचा मिळायचा. तरीही त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात उधारी करावीच लागे. तिथल्या काही मालकांनी तर स्वतःचीच दुकानं काढून पगाराऐवजी माल माथी मारायला सुरुवात केली होती. ते बंद करायला १८३१ मध्ये कायदा करावा लागला. रोचडेलच्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी १८४४ मध्ये स्वतःचं सहकारी दुकान उघडलं ते भेसळ आणि उधारी या दोन्हींना वैतागून. शुद्ध माल आणि रोखीचा व्यवहार हे त्यांचे नियम होते. जगातली सहकारी चळवळ आपला वाढदिवस त्या दुकानापासून मोजते.

आपल्याकडे मुंबई-सोलापूरकडच्या गिरण्यांत पगार सहसा महिन्याचा. आणि महिना संपला की लगेच हातात, असंही नाही. १९३६ मध्ये वेतन अदायगीचा कायदा झाला तेव्हा हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना महिना संपल्यापासून सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत घालून दिली. म्हणजे कायदा झाल्यावरसुद्धा नव्यानं कामाला लागलेल्या माणसानं महिना आणि वर दहा दिवस, असे चाळीस दिवस खायचं काय? ते चाळीस दिवस दुकानदारानं सांभाळायचे. ज्वारी, तेल, मीठ, मिरची, रॉकेल, सगळं वहीत. गिरणी चालवायला जे भांडवल लागत होतं त्यातला एक हिस्सा असा किराणा दुकानाच्या गल्ल्यातून येत होता, आणि त्याची नोंद गिरणीच्या ताळेबंदात कुठंच नव्हती!

याचा अर्थ दुकानदार संत होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. घरातली थोरली मंडळी रागावतील, पण उधारीवरचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असायचा हे आजोळीसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात लिहिलं की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. हे कर्ज सावकाराचं होतं तसंच वाण्याचंही होतं. एकदा वहीत नाव चढलं की दुकान बदलता येत नसे. दुकानदार कामगाराला धरून असे आणि कामगार दुकानदाराला. दोघंही भोंग्याला बांधलेले.

भोंगा थांबला की काय होतं ते सोलापूरनं १९४९ मध्ये पाहिलं. ऑगस्टमध्ये जुनी गिरणी बंद पडली, हजारो लोक घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध चिरंजीत लाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. वकिलीचा अभ्यास करणारी मुलं आजही हा खटला शिकतात. भागधारकाच्या हक्काचं काय, यावर त्यात पानंच्या पानं आहेत. त्या चार-पाच महिन्यांत गिरणीभोवतालच्या दुकानांतून किती उधारी बुडाली, हा प्रश्न कुठल्याही कोर्टात गेला नाही. जाणार तरी कसा? वही ही काय शेअर सर्टिफिकेट थोडीच आहे?

आमच्या घरावर ही पाळी नव्वदच्या दशकात आली. कोणती गिरणी ते इथे लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहे. आजोबा तोवर गेले होते, दुकान मोठे मामा चालवायचे. गिरणी बंद पडणार अशी कुजबुज वर्षभर चालू होती. मामांनी उधारी थांबवली नाही. मामी रोज सांगायची, "अहो, आता तरी हात आखडता घ्या." मामांचं म्हणणं, "वीस वर्षं ज्यानं दहा तारखेला पैसे आणून दिले, त्याला आज नाही म्हणू?" गिरणी बंद झाली. कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकली, म्हणून मामांचीही अडकली. काही जण पुढे कित्येक वर्षं पन्नास-शंभर रुपये आणून देत राहिले. एकानं पैशांऐवजी टॉवेल आणून दिले. बरेचसे फिरकलेच नाहीत, त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतंच. ज्या घरांतले पुरुष गिरणीत होते त्या घरांतल्या बायकांच्या विड्यांवर चुली पेटत होत्या. मामांनी अखेर दुकान अर्धं केलं आणि अर्ध्यात झेरॉक्स मशीन टाकलं.

मामा भोळे होते की धूर्त, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. मला वाटतं ते धंदेवाईकच होते. त्या पेठेत उधारी बंद करणारा दुकानदार दुसऱ्याच दिवशी परका झाला असता. त्यांचं भांडवल ती ओळखच होती. फक्त ती ओळख ज्या पगारावर उभी होती तो पगार त्यांच्या हातात नव्हता.

आता चिंचोळीकडे येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चं. सोलापूरला अक्कलकोट रोडची एमआयडीसी गावाला चिकटलेली, तिथं यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच यंत्रमागांच्या जोरावर. चिंचोळी मात्र गावाबाहेर, पुणे रस्त्यावर. तिथं कापूस नाही, तिथं लोखंड आणि रसायनं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या मोटारींच्या कॅमशाफ्टचं काम तिथं चालतं, बालाजी अमाइन्सचा कारखाना तिथं आहे. गिरणीच्या चिमणीभोवती पेठ वाढली तशी इथं कारखान्याभोवती पेठ वाढलेली नाही. कामगार मोटारसायकलवर आजूबाजूच्या गावांतून येतो आणि शिफ्ट संपली की निघून जातो. रस्त्याकडेला चहाची टपरी, वडापाव, पंक्चरवाला, बस्स. पगार बँकेत, टपरीवर क्यूआर कोड. उधारी संपली असं वरवर वाटतं.

पण ती संपलेली नाही, तिनं जागा बदलली आहे. मामेभावाच्या शेडात दोन लेथ आणि एक ग्राइंडिंग मशीन. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. माल आज गेला की बिल आज बनतं, पैसे मात्र त्यांच्या सवडीनं. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचं बंधन घातलं आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज आहे. २०२३ च्या वित्त कायद्यानं तर असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवायलाही बंदी केली. कायदा उत्तम आहे. पण व्याज मागून बघ, असं मी भावाला म्हटलं तर तो नुसता हसला. "दादा, व्याज मिळेल. पुढची ऑर्डर मिळेल का?" एका कंपनीकडे त्याचं बिल चार महिने अडकलंय. त्यानं मात्र त्याच्या तीन कामगारांचा पगार दर महिन्याला सात तारखेच्या आत केलाय, बायकोचे दागिने ठेवून.

मामांचे चाळीस दिवस आणि याचे पंचेचाळीस. मोठ्याला लहान माणूस बिनव्याजी कर्ज देतो, आणि इतिहास मोठ्याचा लिहिला जातो. रोचडेलच्या लोकांनी यावर उत्तर म्हणून रोखीचं दुकान काढलं. भावाच्या धंद्यात ते जमणार नाही, एकट्यानं तर नाहीच. आसपासच्या शेडवाल्यांनी एकत्र येऊन एकाच पत्रावर सह्या करून बिलं मागावीत असं त्याच्या मनात आहे. चौघे तयार आहेत, बाकीचे बघू म्हणतात. मला ते पटतं, आणि ते होईल अशी आशा आहे.

असो. फार लांबलं. नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर दुकानाच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. कोण काय खात होतं, कधी खाणं कमी झालं, कुणाच्या घरी लग्न होतं, कुठल्या महिन्यात संप होता, हे सगळं त्यात आहे. मोडी वाचणारा माणूस मी शोधतोय. वह्या मात्र तुम्हीच जपून ठेवल्या पाहिजेत.