अपघाताची नुकसानभरपाई : टक्का अपंगत्वाचा आणि बुडालेल्या कमाईचा

रस्ते अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मिळणारी नुकसानभरपाई ही कोणाची मेहेरबानी नसून मोटार वाहन कायदा, १९८८ ने दिलेला हक्क आहे. मात्र हा हक्क पदरात पडतो तो कागदपत्रांच्या आधारे, आणि त्यातील बहुतेक कागद अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तयार होतात. नेमका त्याच काळात जखमी रुग्णालयात आणि नातेवाईक पैशांच्या जुळवाजुळवीत असतात. परिणामी खरा दावाही पुढे लंगडा पडतो.

पहिले काही दिवस

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळू शकतात. उपचार सुरू होताच केसपेपरवर जखम वाहन अपघातातील असल्याची नोंद झाली आहे ना, हे पाहावे. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे देणे अपेक्षित आहे. तरीही एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती आपल्याकडे असाव्यात. औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि उत्पन्नाचे पुरावे यांनाही तितकेच महत्त्व आहे.

मुदत सहा महिन्यांची

भरपाईचा अर्ज कलम १६६ खाली करावा लागतो. अपघाताच्या ठिकाणचे, अर्जदाराच्या राहत्या वा व्यवसायाच्या ठिकाणचे किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरण निवडता येते. म्हणजे महामार्गावर दूरच्या जिल्ह्यात जखमी झालेल्या पुणेकराला पुण्यात दावा दाखल करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या तरतुदीला आव्हान देण्यात आल्यावर, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. असे असले तरी त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा.

सही करण्यापूर्वी

कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम लवकर हाती येते, म्हणून ती आकर्षक वाटते. परंतु कलम १४९ च्या प्रक्रियेने ती स्वीकारली, की न्यायाधिकरणासमोरील दावा संपुष्टात येतो. किरकोळ उत्पन्नहानी असेल तर हा मार्ग योग्य ठरेल. कायमचे अपंगत्व आले असेल तर मात्र विमा कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पुढील हिशेब समजून घ्यावा.

कमाईचा हिशेब

वैद्यकीय प्रमाणपत्रातील अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाईतील घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले. डावा हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण चालकाचा वा सुताराचा रोजगार जवळजवळ पूर्ण बुडतो.

समजा, ३२ वर्षांच्या टॅक्सीचालकाचे मासिक उत्पन्न २० हजार, म्हणजे वार्षिक २ लाख ४० हजार रुपये आहे. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतील असल्याने भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले, की ३ लाख ३६ हजार होतात. सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे या वयाला १६ चा गुणक लागतो. गुणाकार ५३ लाख ७६ हजार रुपये होतो. कमाईतील घट ४० टक्के धरली तर भविष्यातील उत्पन्नहानी २१ लाख ५० हजार ४०० रुपये ठरते. तो पुन्हा वाहन चालवूच शकणार नाही आणि दुसरे कामही त्याला जमणार नाही, असे सिद्ध झाले तर पूर्ण ५३ लाख ७६ हजार. उपचारांचा खर्च, उपचारकाळातील बुडालेले उत्पन्न, वेदना आणि पुढील औषधोपचार यांची रक्कम याखेरीज असते. म्हणूनच प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि कामाच्या स्वरूपाचा पुरावा निर्णायक ठरतो. अपघातात जखमीचीही काही चूक आढळली, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते.

वकील आणि विधी साहाय्य

भरपाईतील टक्केवारी फी म्हणून ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना निषिद्ध आहे. फी किती व केव्हा द्यायची, हे आधीच लेखी ठरवावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो, परंतु तेथील निवाड्यावर अपील नसते. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी अपघात झाला तेथील तालुका वा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो.