नाशिकचा कचरा आणि त्यावर जगणारे हात

नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी एकत्र करून 1982 मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे वाढत्या लोकवस्तीबरोबर कचऱ्याचे स्वरूपही बदलू लागले होते. शेतातच जिरणारा ओला कचरा मागे पडून न कुजणाऱ्या प्लॅस्टिकचे प्रमाण वाढले आणि त्यातून भंगार वेचून विकणाऱ्यांचा, बहुतांशी दलित व भटक्या समाजांतील स्त्रियांचा, स्वतंत्र धंदा उभा राहिला.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात नाशिकने घंटागाडी रूढ केली. घंटा वाजवत दारोदारी कचरा गोळा करणारी ही गाडी पुढे महाराष्ट्रभर पसरली. तिने रस्त्यांवरच्या कचराकुंड्या हटवल्या, ठेकेदारीवर का होईना शेकडो कामगारांना रोजगार दिला, मात्र त्याच कुंड्यांवर पोट भरणाऱ्या वेचकांची जागा कोणाच्या हिशेबात आली नाही. गोळा झालेला कचरा पाथर्डी-विल्होळी परिसरातील खत प्रकल्पाकडे जाऊ लागला, तेव्हा वेचकांपैकी काही जणही त्याच्यामागे शहराबाहेर गेले.

कचऱ्याच्या जुन्या ढिगांच्या जैवखननाचे देशातील आरंभीचे प्रयोगही 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या सुमारास नाशिकमध्येच झाले. जैवखनन म्हणजे साठलेला कचरा उकरून, त्याच्या लांबट राशी रचून, त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारून आणि राशी वारंवार उलथून तो कुजवणे, मग चाळणीतून माती, दगड व प्लॅस्टिक वेगळे काढणे. यातून भूजलात झिरपणारे काळे पाणी आणि ढिगांतील मिथेनने लागणाऱ्या आगी थांबतात, म्हणून या कामाची निकड नाकारता येत नाही. परंतु जे वेचक हाताने करत, तेच चाळणी करू लागते आणि ठेक्यानंतर कचऱ्यावरचा हक्क ठेकेदाराकडे जातो.

पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला: तिच्याच पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने 2008 मध्ये करार केला, ज्यायोगे वेचकांनाच घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम, त्याचे शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे उत्पन्न मिळू लागले. पुढे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वेचकांची व्याख्या करून त्यांची नोंदणी व सामावणूक ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली.

येत्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये स्वच्छतेची कामे निघत आहेत. चाळणीवरचे वर्गीकरण, यंत्रांची देखभाल आणि प्लॅस्टिकची प्रतवारी ही कामे वेचकांनाच प्रथम द्यावीत, ही अट या कामांच्या निविदेतच लेखी घालणे महापालिकेच्या अधिकारात आहे आणि ते तिने आताच करावे.