नऊ पहाटांचा आनंद



डिसेंबर उजाडला की आखाती शहरांतल्या कितीतरी इमारतींत एखाद्या फिलिपिनो शेजाऱ्याच्या खिडकीत चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो. तुमची मुलं तो पाहून "आई, यांची पण दिवाळी?" असं विचारत असतील, तर आजची गोष्ट त्यांच्यासाठी. त्या कंदिलाचं नाव 'पारोल'. कंदिलासाठी स्पॅनिशमध्ये 'फारोल' असा शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं. हा कंदील ज्या उपासनेची आठवण देतो, तिला टागालोग भाषेत 'सिंबांग गाबी' म्हणतात, म्हणजे रात्रीची उपासना. १६ ते २४ डिसेंबर, ओळीने नऊ दिवस, उजाडण्याआधी मिस्सा. माहीमच्या चर्चची बुधवारची नोव्हेना मुंबईकरांना ठाऊक आहेच. नोव्हेना या शब्दातही हाच नऊचा आकडा आहे.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांना कॅथलिक लोक आगमनकाळ म्हणतात. हा काळ वाट पाहण्याचा आणि संयमाचा. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो आणि 'ग्लोरिया' हे आनंदाचं स्तुतिगीत रविवारीही गात नाहीत, ते नाताळासाठी राखून ठेवतात. सिंबांग गाबीत मात्र झगा पांढरा असतो आणि ग्लोरिया मोठ्याने गायलं जातं. संयमाच्या काळात ही मोकळीक आली कुठून?

त्यासाठी मेक्सिकोला जावं लागतं. मेक्सिको शहराच्या ईशान्येला आकोलमान नावाचं गाव आहे. तिथल्या ऑगस्टिनियन मठाचे प्रमुख दिएगो दे सोरिया यांनी १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांच्याकडून नाताळाआधीच्या नऊ दिवसांत खास मिस्सा करण्याची परवानगी मिळवली. डिसेंबरच्या याच सुमारास तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांचा आपल्या देवाचा मोठा उत्सव असे. लोकांची सणाची सवय मोडण्यापेक्षा तिला नवं वळण द्यावं, असा हा विचार. मिस्सा चर्चच्या अंगणात, उघड्यावर होई. पुढे तिच्या जोडीला गाणी आली, मिरवणुका आल्या. योसेफ आणि गर्भवती मरिया रात्रीच्या आसऱ्यासाठी दारोदार फिरतात, तो प्रसंग मेक्सिकोत आजही नऊ रात्री गाऊन दाखवतात. बाहेरचे गाण्यातून जागा मागतात, आतले गाण्यातूनच नाही म्हणतात, आणि शेवटी दार उघडतं. मग डोळे बांधून, टांगलेलं मडकं काठीने फोडायचं आणि सांडलेला खाऊ लुटायचा. आपल्या दहीहंडीची आठवण झाली ना?

त्या काळी फिलिपिन्सचा कारभार मेक्सिकोमार्फत चाले. आकापुल्को ते मनिला अशी स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती. त्याच वाटेने ही नऊ दिवसांची मिस्सा मनिलाला पोचली. तिथे ती पहाटे होऊ लागली, कारण शेतकऱ्यांना ऊन चढण्याआधी शेतावर जायचं असे.

आनंद वाढला तशी तक्रारही आली. लोक आपल्या भाषेतली गाणी आपल्या चालीत, वाजतगाजत म्हणत. मनिलाचे आर्चबिशप फेलिपे पार्दो यांना हे रुचलं नाही. १६८० च्या सुमारास त्यांनी या मिस्सांवर बंदी आणली. १६८९ मध्ये पार्दो वारले आणि त्यानंतर मिस्सा पुन्हा सुरू झाल्या.

याच दशकात आपल्या शेजारी, गोव्यातही भाषेवर घाला आला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. त्याआधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत राशोलला छापलं गेलं होतं. त्याच्या जुन्या छापील प्रती पुढे नाहीशा झाल्या. पण लोकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्या जपल्या होत्या, आणि त्यांवरून १९०७ मध्ये ते मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. फर्मानं सरकारी दप्तरात राहिली, ओव्या माणसांनी सांभाळल्या.

आज सिंबांग गाबीला निघालेला माणूस पहाटे तीन-साडेतीनला उठतो. मिस्सा संपली की चर्चच्या दाराशी आल्याचा गरम चहा आणि 'बिबिंका' मिळते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून, खाली आणि वर निखारे ठेवून ती भाजतात. गोव्याच्या बेबिंकेशी नाव जुळतं आणि वर निखारे ठेवण्याची रीतही जुळते. चांगल्या पारोलमध्ये शिंपल्यांच्या पातळ, दुधी चकत्या बसवतात. गोव्याच्या जुन्या घरांतली खिडक्यांची तावदानं त्याच जातीच्या शिंपल्यांची असत.

आणि तारीख पाहा. १६ डिसेंबरच्या आसपास आपलाही धनुर्मास सुरू होतो. अंधारात उठून पूजा करायची, उगवत्या सूर्याला गरम खिचडीचा किंवा बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य दाखवायचा. या दोन रीतींचा एकमेकींशी संबंध नाही. पण वर्षातल्या सगळ्यांत लांब रात्रींत माणसाला उजेडाआधी उठून आनंद करावासा वाटतो, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

आखातात ही उपासना बहुतेक संध्याकाळी होते, कारण सकाळी कामावर जायचं असतं. दुबईत ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये या नऊ दिवसांत हजारो लोक जमतात. पहाट गेली, पण नऊचा आकडा, गाणी आणि कंदील राहिले. घरापासून दूर सण करताना काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हा प्रश्न तुमच्याही घरात दर गणपतीला, दर दिवाळीला येतो. दीड दिवस की पाच, उकडीचे मोदक घरी की विकतचे, आरती पाठ की मोबाइलवरून वाचून. शेजाऱ्यांचं उत्तर साधं आहे. वेळ बदलली तरी चालेल, पण एकत्र येणं आणि आपल्या भाषेत गाणं सोडायचं नाही.

यंदा तो कंदील दिसला की दार वाजवा. मुलांना बरोबर न्या. जाताना डब्यात थोड्या करंज्या असू द्या.