टिपणे सापडण्याची कला : कच्च्या वहीपासून ॲपपर्यंत

१/ गॉटफ्रिड लाइब्निझ (१६४६–१७१६) हा आपल्या काळातील अग्रगण्य विद्वान. त्याच्या मागे हॅनोव्हर येथे सुमारे २ लाख पृष्ठांची हस्तलिखिते उरली. तरीही त्याची एक तक्रार होती : केलेले काम काही महिन्यांत विस्मरणात जाते, आणि टिपणांच्या पसाऱ्यात ते शोधण्यापेक्षा पुन्हा पहिल्यापासून करणे भाग पडते. त्याच्या समग्र लेखनाचा पहिला खंड १९२३ साली निघाला. ते संपादन अद्यापही सुरूच आहे.

२/ मोबाइलमध्ये नोट्सचे ॲप प्रथमच उघडणाऱ्यापुढेही हाच प्रश्न उभा असतो. लिहून ठेवणे सोपे. लिहिलेले योग्य वेळी हाती लागणे अवघड. यावर पूर्वसुरींनी शोधलेल्या उपायांचा हा मागोवा.

३/ यांतील एक जुना उपाय व्यापाऱ्यांचा. लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या गणितग्रंथात तेथील व्यापाऱ्यांच्या तीन वह्यांचे वर्णन येते. पहिलीत प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने तत्काळ उतरवायचा. मग तो दुसरीत नीट लिहायचा आणि अखेर तिसरीत खात्यांनुसार मांडायचा. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. टिपून घेणे आणि लावून ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे तिचे मर्म.

४/ विद्वानांची अडचण निराळी होती. वाचनातील उतारे विषयवार उतरवण्यासाठी युरोपात ‘कॉमनप्लेस बुक’ नावाची वही ठेवत. अनेकजण शीर्षके आधीच ठरवून प्रत्येकासाठी पाने राखून ठेवत. परिणामी काही विषयांना जागा पुरत नसे, तर काहींची पाने कोरीच राहत.

५/ इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ साली एका फ्रेंच नियतकालिकात यावरचा आपला तोडगा मांडला. वहीच्या आरंभी दोन पानांची सूची. तीत २० अक्षरे, प्रत्येकापुढे ५ स्वर. अशी १०० घरे. विषयाच्या नावातील पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांवरून त्याचे घर ठरे. घर रिकामे असेल तर पुढचे कोरे पान उघडायचे, तेथे टिपण लिहायचे आणि त्या पानाचा क्रमांक घरात नोंदवायचा.

६/ त्यामुळे पाने आधी वाटून ठेवण्याची गरजच संपली. वाचन वाढेल तशी वही भरत गेली आणि सूची तिच्या मागोमाग वाढली. पहिल्याच दिवशी ॲपमध्ये वीस फोल्डर उघडणारा नवखा मनुष्य लॉकपूर्व काळातील रीतच गिरवत असतो.

७/ लॉकची वही एका माणसाची होती. टिपणारे हात अनेक असतील तेव्हा काय करावे, याचे उत्तर पुण्यात पाहावयास मिळते. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. शब्दासोबत त्याचा संदर्भ नोंदवणे अपरिहार्य होते. कारण लिहिणारा एक आणि अनेक वर्षांनी ती चिठ्ठी वाचणारा दुसराच. स्वतःच्या टिपणांचेही असेच असते. वर्षभराने ती वाचणारी व्यक्ती जवळजवळ परकीच असते.

८/ जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान (१९२७–१९९८) याने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या. प्रत्येकीला कायमचा क्रमांक. ५७/१२ नंतर ५७/१३ लिहून झाली आणि मध्येच पहिलीला जोडून काही सुचले, तर ती ५७/१२अ. एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहिला की दोन दूरचे विचार जोडले जात. आजच्या अनेक ॲपमधील ‘लिंक’ची कल्पना याच वाटेवरची आहे.

९/ तेव्हा आरंभ कसा करावा? कच्च्या वहीसारखे एकच पान ठेवावे. किराण्याची यादी, वीजबिलाची मुदत, व्याख्यानातील मुद्दा, सर्व प्रथम तेथेच उतरवावे. आठवड्यातून एकदा ते पान निवडावे : झालेले पुसावे, उरलेले योग्य जागी हलवावे. एका विषयाची चार-पाच टिपणे जमली की मगच त्याचे फोल्डर करावे. प्रत्येक टिपणावर दिनांक, शीर्षक आणि ग्रंथातील मजकूर असल्यास पृष्ठक्रमांक लिहावा.

१०/ ‘सर्च’ असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. साधा सर्च आठवणारा शब्द शोधतो. ‘दुष्काळ’ असे शोधल्यास केवळ ‘अवर्षण’ लिहिलेले टिपण त्याच्या हाती लागेलच असे नाही. म्हणून आपले नेहमीचे शब्द ठरवून तेच शीर्षकात वापरावेत.

११/ शेवटची खबरदारी. लाइब्निझचे कागद तीनशे वर्षे टिकले. एखादी सेवा मात्र दहा वर्षांतही बंद पडू शकते. महिन्यातून एकदा टिपणांची प्रत साध्या मजकुराच्या स्वरूपात स्वतःकडे उतरवून ठेवावी. ही सोय नसलेले ॲप निवडूच नये.