घोट्याचे अस्थिर अस्थिभंग : शस्त्रचिकित्सेचा इतिहास

अंतर्जंघास्थी व बहिर्जंघास्थी (गुडघ्याखालील पायाची दोन हाडे) यांची खालची टोके व त्यांना जोडणारे बंध मिळून एक खोबण बनते. तीत टॅलस हे हाड घट्ट बसलेले असते. हाड मोडून किंवा बंध तुटून टॅलस या खोबणीतून सरकू लागल्यास तो अस्थिभंग अस्थिर मानतात.

अठराव्या शतकात पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) या इंग्रज शल्यचिकित्सकांनी अशा अस्थिभंगाचे वर्णन केले. मोडलेला पाय गुडघ्यात वाकवून ठेवल्यास स्नायू सैल पडतात व हाडे जागेवर बसविणे सोपे जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शुद्धिहरण व पूतिरोध यांच्या अभावी सांधा उघडणे त्या काळी जिवावर बेतणारे होते. एकोणिसाव्या शतकात ही साधने उपलब्ध झाली व १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर बेल्जियममध्ये आल्बँ लाँबॉत यांनी धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांनी हाडे जोडण्याच्या तंत्राचा पाया घातला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या अभ्यासगटाने या तंत्राला शिस्तबद्ध रूप दिले.

घोट्याची आतील बाजू महत्त्वाची, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९७६ मध्ये रॅम्झी व हॅमिल्टन यांनी दाखविले, की टॅलस केवळ १ मिमी. बाहेर सरकल्यास सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. टॅलस बाहेरील घोट्यामागोमाग सरकते, असे १९७७ मध्ये याब्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्यामुळे बहिर्जंघास्थी अचूक बसविण्यावर भर आला.

त्यासाठीच्या पद्धतींत मतभेद आहेत. पट्टी बाहेरील बाजूस बसविणे सोपे असते. परंतु तेथील त्वचा पातळ असल्याने पट्टी हाताला लागते व जखम चिघळू शकते. पट्टी मागील बाजूस बसविल्यास हाडाचा तुकडा मागे सरकण्यास अटकाव होतो व पकड मजबूत होते. मात्र तेथील स्नायुरज्जूंना ती घासू शकते. हाडाच्या पोकळीत सळई घालण्यास छेद लहान पुरतो; म्हणून वृद्ध व मधुमेही रुग्णांत या पद्धतीचा विचार होतो.

शस्त्रक्रिया सर्वांनाच हितकर आहे काय, हा प्रश्न २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने पुढे आणला. साठीपुढील ६२० रुग्णांच्या या चाचणीत सहा महिन्यांनंतर घट्ट प्लॅस्टर व शस्त्रक्रिया यांमुळे घोट्याच्या कार्यक्षमतेत झालेली सुधारणा सारखीच आढळली. प्लॅस्टरच्या गटात हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण अधिक होते, तर शस्त्रक्रियेच्या गटात जखमेचे उपद्रव अधिक होते. यावरून हाडाच्या अचूक जुळणीबरोबरच रुग्णाचे वय व त्वचेची स्थिती यांनाही उपचाराच्या निवडीत महत्त्व आहे, हे स्पष्ट होते.