गवताची काडी आणि सरकारी परवाना

राळेगांव हें यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्येकडील तालुक्याचें गांव. तालुक्याच्या एका अंगास वर्धा नदी आणि तिच्या खोऱ्यांतील कपाशीची काळी जमीन. दुसऱ्या अंगास साग, मोह आणि तेंदू यांचें रान. येथील शेतकऱ्याचा संसार या दोहोंच्या आधारावर उभा राहिला आहे. शेत त्याला पैसा देतें. रान त्याच्या बैलांना चारा, चुलीला सरपण आणि वखराला लांकूड देतें. शेताची मालकी सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर लिहिलेली असते. रानाची मालकी कोठें लिहिलेली असते? या प्रश्नाचें उत्तर गेल्या दीडशें वर्षांत बहुधा एका लहानशा कागदावर लिहिलें गेलें आहे. त्या कागदाचें नांव परवाना.

परवान्याचा इतिहास हा वरवर पाहतां निव्वळ कारकुनी इतिहास वाटेल. कोणीं किती जनावरें चारावीं, किती भारे गवत कापावें, गाडीमागें किती फी द्यावी, यांत ऐकण्यासारखें तें काय असणार? परंतु याच जिल्ह्यांत १९३० सालीं विळ्यानें मूठभर गवत कापण्यासाठीं नामांकित माणसें रानांत गेलीं आणि तेथून तुरुंगांत गेलीं. त्या मूठभर गवताचें मोल आणा-दोन आण्यांहून अधिक नव्हतें. मग त्यासाठीं सहा-सहा महिने कारावास पत्करावा असें त्यांत होतें तरी काय, हें समजून घेण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें दहा वर्षांच्या आंतच अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडची रुई विलायतेस जाईनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कपाशीस सोन्याचा भाव आला. पडीक जमिनी नांगराखालीं गेल्या. गांवोगांवचीं मोकळीं कुरणें आकसलीं. जो बैल कपाशीची गाडी ओढीत होता, त्याच्याच तोंडची वैरण कपाशीनें हिरावून घेतली. साहजिकच गांवचीं गुरें पूर्वीपेक्षां अधिक प्रमाणांत डोंगराकडच्या रानावर विसंबूं लागलीं. आणि नेमक्या त्याच काळांत रानाला धनी मिळाला.

हिंदुस्थानचा पहिला जंगल-कायदा १८६५ सालचा. तो अपुरा वाटल्यावरून १८७८ सालीं दुसरा झाला. या दुसऱ्या कायद्याच्या वेळीं सरकारच्या घरांतच एक महत्त्वाचा वाद झाला. बेडन-पॉवेल यांचें म्हणणें असें कीं, ज्याला सरकारनें लेखी मान्यता दिली तोच हक्क. बाकी सारी केवळ सवलत, आणि सवलत देणाऱ्याला ती काढून घेतां येते. जंगलखात्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस हे स्वतः शिस्तीचे मोठे भोक्ते, तरीही त्यांचें मत असें कीं, पिढ्यान्-पिढ्यांची वहिवाट हाही हक्कच मानला पाहिजे. कायद्यांत मुख्यतः पहिल्या मताचा जय झाला. एखादें रान राखीव करावयाचें झाल्यास जाहीरनामा निघे, हक्क सांगण्यास मुदत दिली जाई, आणि त्या मुदतींत जो दावा सांगितला गेला नाहीं तो सामान्यतः बुडाला असें धरलें जाई. ज्या गोंड-कोलामांनीं आपली वहिवाट कधीं कागदावर पाहिलीच नव्हती, त्यांच्या दृष्टीनें या जाहीरनाम्याचा अर्थ काय झाला असेल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

वऱ्हाडासाठीं १८८६ सालीं निराळा जंगल-कायदा आला. त्यानें सरकारी रानाचे तीन वर्ग पाडले. पहिला वर्ग इमारती लांकूड आणि जळण यांचा. दुसरा रमने आणि बाभूळबनें यांचा. आणि तिसरा गुरचरणीचा. विभागणी सुटसुटीत होती, परंतु गुरांना ती वाचतां येत नव्हती. तिसऱ्या वर्गांतील गाय चरतां चरतां पहिल्या वर्गांत शिरली कीं नाकेदार तिला कोंडवाड्यांत घाली आणि धन्यास दंड भरून ती सोडवून आणावी लागे.

परवान्याची पद्धत हळूहळू या चौकटींत बसत गेली. चराई डोईवर आकारली जाई. मध्यप्रांतांत शेतीच्या जनावरांना सवलतीचा दर, इतर जनावरांना साधारण दर आणि धंद्यासाठीं पाळलेल्या कळपांना व्यापारी दर अशी प्रतवारी होती. लांकूड, बांबू, गवत रानाबाहेर काढावयाचें तर वाहतुकीचा निराळा पास लागे. घरगुती गरज आणि व्यापार यांत भेद करणें हें तत्त्व म्हणून अयोग्य नव्हे. ज्याला एक गाडीभर सरपण हवें तो गृहस्थ आणि ज्याला आगगाडीभर सागवान हवें तो ठेकेदार, या दोघांना एकाच मापानें मोजणें हाच खरा अन्याय झाला असता.

जंगलखात्याचीही एक बाजू होती आणि ती नजरेआड करून चालणार नाहीं. रेल्वेच्या रुळांखालीं घालावयाच्या लांकडासाठीं आणि इमारतींसाठीं देशभर सागाची बेसुमार तोड झालेली होती. कसलाच निर्बंध नसता तर जें रान आज उरलें आहे तेंही उरलें नसतें, असें म्हणण्यास जागा आहे. परंतु निर्बंध घालणें वेगळें आणि निर्बंध घालण्याचा अधिकार केवळ आपलाच मानणें वेगळें. तंटा होता तो या दुसऱ्या गोष्टीचा.

तक्रारीही लवकरच सुरू झाल्या होत्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जंगल-कायद्याच्या जाचाविषयीं सरकारकडे गाऱ्हाणें मांडलें. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, डोंगरटेकड्या आणि गायरानें जंगलखात्याच्या घशांत गेल्यामुळें शेतकऱ्याची कशी दैना झाली, याचें वर्णन केलें. सरकारनें विलायतेहून बोलाविलेले शेतकी रसायनज्ञ डॉक्टर व्होल्कर यांनींही १८९३ च्या आपल्या अहवालांत सांगितलें कीं, रानानें शेतीची सेवा केली पाहिजे आणि चारा व जळण यांसाठीं गांवांजवळ राखीव रानें असावींत. पुढच्याच वर्षीं सरकारनें जंगलविषयक धोरण जाहीर केलें आणि त्यांत लोकांच्या गरजांना मान्यता दिली. पण मान्यता ती कृपेच्या स्वरूपाचीच राहिली. हक्काचा शब्द तींत उमटला नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९३० साल उजाडलें. एप्रिल महिन्यांत महात्मा गांधींनीं दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललें. वऱ्हाडाला समुद्र नाहीं. अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडी मंडळींनीं मिठाचा सत्याग्रह साजरा केला खरा, परंतु खेड्यांतील सामान्य माणसाला रोज ज्याचा कांच होतो असा कायदा मिठाचा नव्हे, जंगलाचा होता. हें ज्यांनीं अचूक ओळखलें त्यांत माधव श्रीहरि अणे प्रमुख होते. बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं याच जिल्ह्यांतील वणी येथें झाला. यवतमाळास ते वकिली करीत आणि टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी होते. पुढें ते लोकनायक या नांवानें ओळखले गेले.

जिल्ह्याच्या नैर्ऋत्य बाजूस, राळेगांवाहून अगदीं दुसऱ्या टोकाला, पुसद हें गांव आहे. १० जुलै १९३० रोजीं बापूजी अणे स्वयंसेवकांची तुकडी घेऊन पुसदजवळच्या राखीव रानांत गेले आणि परवान्यावांचून त्यांनीं गवत कापलें. त्यांना अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. मागाहून तुकड्यांमागून तुकड्या निघाल्या. २१ जुलै रोजीं यवतमाळजवळच्या लोहारा येथील रानांत नागपूरचे डॉक्टर केशव बळिराम हेडगेवार यांनीं सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. पाहतां पाहतां ही चळवळ वऱ्हाड-मध्यप्रांताच्या रानारानांत पसरली. कोंकणांत चिरनेर येथें २५ सप्टेंबरला आणि शिवनी जिल्ह्यांत टुरिया येथें ९ ऑक्टोबरला गोळीबार होऊन माणसें मेलीं. गवताची किंमत अखेर रक्तानें मोजली गेली.

हेडगेवारांना लावलेल्या कलमांपैकीं एक चोरीचें होतें. येथें १८६० च्या दंडसंहितेंतील एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. जी वस्तु जमिनीला जखडलेली आहे ती, जोंवर जखडलेली आहे तोंवर, चोरीचा विषय होऊं शकत नाहीं. ती जमिनीपासून तोडली गेली कीं त्याच क्षणीं ती चोरीस पात्र होते. म्हणजे उभें गवत चोरतां येत नाहीं. विळा फिरतांच तें चोरीचा माल बनतें. विळ्याचा तो एक फटकारा हीच शेतकरी आणि चोर यांच्यामधील सीमा होती. सत्याग्रह्यांनीं नेमका तोच फटकारा दिवसाढवळ्या, आगाऊ सांगून, सर्वांसमक्ष मारला. चोर लपून येतो. हे वाजत-गाजत आले. फी जास्त आहे एवढेंच त्यांचें म्हणणें असतें तर अर्ज पुरला असता. ज्या गवतावर गांवाचीं गुरें वाढलीं, त्यासाठीं परवानगी मागावयाची ती कोणाकडे आणि कां, हा त्यांचा प्रश्न होता.

स्वराज्य आलें, परंतु त्या प्रश्नाचें उत्तर लगेच आलें नाहीं. १९२७ चा जंगल-कायदा तसाच पुढें चालू राहिला. यवतमाळ जिल्हा आधीं मध्यप्रदेशांत, १९५६ पासून मुंबई राज्यांत आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आला. राज्यें बदललीं, पासाचें पुस्तक मात्र जंगलखात्याच्याच टेबलावर राहिलें. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तेंदूपत्त्यासारख्या वनोपजाच्या व्यापारावर सरकारचें नियंत्रण आलें. १९७२ च्या वन्यजीव-कायद्यानें रानाचा तिसरा वांटेकरी, म्हणजे रानांतील प्राणी, हा कायद्याच्या कक्षेंत आला. राळेगांवला या तिसऱ्या वांटेकऱ्याची आठवण फार कठोर रीतीनें झाली. राळेगांव आणि पांढरकवडा भागांत तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका जिच्यावर ठेवण्यांत आला होता, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं राळेगांव तालुक्यांतील बोराटी येथें गोळी घालून मारण्यांत आली. तिला मारण्याच्या परवानगीवरून देशभर वाद माजला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाच्या गदारोळांत एक साधी गोष्ट मागें पडली: शेतावर राबणारा आणि गुरें राखणारा माणूस वाघाच्या भीतीच्या दिवसांतही रानाच्या कडेस जातच होता, कारण चाऱ्याची आणि सरपणाची गरज १९३० सालीं होती तशीच उरली होती.

जुन्या प्रश्नाला उत्तर मिळण्यास आरंभ झाला तो १९९६ सालीं, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजाचे अधिकार देणारा कायदा झाला तेव्हां. राळेगांव तालुक्यांतील कांहीं गांवें या अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. त्यानंतर २००६ च्या वनहक्क-कायद्यानें, जंगलांत राहणाऱ्यांवर इतिहासांत अन्याय झाला होता, हें खुद्द कायद्याच्याच शब्दांत कबूल केलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही गांवानें तोडलेला बांबू बाहेर न्यावयाचा तर वाहतुकीचा पास जंगलखात्याकडूनच घ्यावा लागे, आणि तो मिळेना.

वस्तुतः बांबू ही गवताचीच जात. परंतु १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येंत त्याला झाडांत गणलें होतें आणि २००६ च्या कायद्यानें गौण वनोपजांत. गवत कोणतें आणि झाड कोणतें, हें जणूं व्याख्या करणाराच ठरवीत होता. हा तिढा २७ एप्रिल २०११ रोजीं सुटला. त्या दिवशीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत वाहतूक-परवान्याचें पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हातीं दिलें. त्या दिवसापासून त्या रानांतील बांबूचा पास गांव स्वतः लिहूं लागलें. पुढें २०१७ सालीं झाडाच्या व्याख्येंतून बांबू हा शब्दही गळला.

मेंढ्यानें परवाना रद्द केला नाहीं, हें येथें विसरतां कामा नये. पास राहिला, मोजदाद राहिली, किती तोडावें याचा नियमही राहिला. बदलली ती सही. पुसदच्या रानांत विळा चालविणाऱ्यांचा झगडाही नियमाशीं नव्हता, नियम करणाऱ्याशीं होता. रान राखावयाचें तर कोणाला तरी ‘पुरे’ असें म्हणावेंच लागतें. परक्यानें म्हटलेलें ‘पुरे’ हें हुकूम वाटतें. आपल्या माणसांनीं बसून ठरविलेलें ‘पुरे’ हें व्रत ठरतें. अर्थात् गांवाच्या हातीं पुस्तक आलें म्हणजे जबाबदारीही गांवाचीच झाली. उद्यां रान ओसाड झालें तर बोट दाखवावयास नाकेदार उरत नाहीं.

राळेगांवच्या रानांत दर पावसाळ्यांत गवत पुन्हां उगवतें. पाऊस पडला कीं त्याला उगवण्यास कोणाचाही परवाना लागत नाहीं. तें कापणाऱ्याला मात्र लागतो, आणि लागलाही पाहिजे. त्यावर सही कोणाची असावी, एवढाच प्रश्न १९३० च्या पावसाळ्यांत या जिल्ह्यानें विचारला होता. मेंढ्यानें त्याचें एक उत्तर लिहून दाखविलें आहे. बाकीच्या गांवांचे कागद अजून पुरे भरावयाचे आहेत.